लाँड्रीवाल्या ताईंचा साहेब

ताईंच्या लाँड्रीला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक आरसा आणि पडद्याआड माप द्यायला उभं राहण्यापुरती जागा. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे ताईंनी इस्त्री टेकवली की इकडे माझी कात्री थरथरायची, आणि इकडे मी एखाद्या गिऱ्हाइकावर वैतागले की तिकडून ताईंचं हसू ऐकू यायचं. तुटलेली बटणं, उसवलेले खिसे त्या माझ्याकडे धाडायच्या. मी शिवलेले कपडे त्या कडक इस्त्री करून द्यायच्या. आमची मैत्री अशी कामातूनच झाली, बोलण्यातून फारशी नाही. ताई मुळात बोलायच्याच कमी.

अंगाने उंच, हाडापेराने मजबूत बाई. इस्त्री दाबून दाबून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. वरच्या रस्त्याला मोठं हॉस्पिटल होतं आणि पलीकडे कोर्ट. त्यामुळे दुकानात सदा डॉक्टरांचे पांढरे आणि वकिलांचे काळे कोट टांगलेले असायचे. वाफेचा आणि साबणाचा वास ताईंच्या केसांतून कधी गेलाच नाही.

त्यांना एकच भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ताई शाळेत होत्या. वडील मागे बॉयलरपाशी, म्हणून ताईंनी शाळा सोडली आणि काउंटरवर उभ्या राहिल्या, पोराला काखेत घेऊन. तो धुवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगावरच झोपायचा. जरा चालायला लागला तसा वडिलांचा कोट अंगात अडकवून गल्लीभर हिंडायचा आणि भेटेल त्याला मान वर करून विचारायचा, "काय, सगळं ठीक आहे ना?" लोक हसून सलाम ठोकायचे. तेव्हापासून त्याचं नाव साहेब पडलं ते पडलंच.

साहेबाच्या गळ्यात काय होतं कोण जाणे. कोणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. शाळेत असताना एकदा आमच्या गल्लीचं पाणी बंद झालं. अर्ज करून सगळे थकले. या पठ्ठ्याने पाणी खात्यात फोन लावला आणि खात्याच्या वरिष्ठांच्या आवाजात असं काही झापलं, की दुपारी माणसं आली आणि नळ सुरू झाला. सगळ्या गल्लीने त्याला डोक्यावर घेतलं. ताई तोंडावर पदर धरून हसल्या आणि मग त्याच्या कानाला धरून म्हणाल्या, "पुन्हा असलं केलंस तर बघ." पण कान धरणाऱ्या हातात जोर नव्हता.

ताईंना एक स्थळ आलं होतं. छापखान्यात काम करणारा शांत माणूस. त्याची एकच अट होती, भाऊ वडिलांकडे राहू दे. ताईंनी नकार दिला. नंतर कोणी विचारलं नाही आणि ताईंनी तो विषय काढला नाही. वडील गेले, दुकान ताईंच्या अंगावर आलं.

साहेब मोठा झाला. देखणा, बोलण्यात गोड, समोरच्याला पाच मिनिटांत आपलंसं करणारा. नोकऱ्या धरायचा आणि सोडायचा. शेवटी म्हणाला, औषधांच्या कंपनीत लागलोय. गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. दर आठवड्याला यायचा, ताईंसाठी कधी चांगले बूट, कधी कंबर शेकायची पिशवी आणायचा. मलाही म्हणायचा, "वहिनी, ताईकडे लक्ष ठेवता म्हणून मी निर्धास्त असतो." मग ताईंकडे टांगलेल्यातला एखादा कोट अंगावर चढवून माझ्या आरशासमोर उभा राहायचा. ताई ओरडायच्या, "काढ तो! दुसऱ्याचा आहे." तो म्हणायचा, "दुसऱ्याचा आहे म्हणून तर चांगला दिसतो."

पुढे ताईंचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा त्यानेच आपणहून सांगितलं, हॉस्पिटलातले कोट मी आणतो आणि पोचवतो, तू चढण चढू नकोस. ताईंना किती बरं वाटलं! मला भिंतीवर थाप मारून बोलावून सांगितलं त्यांनी. "बघ गं, पोराला समज आली."

असं बरंच चाललं.

एके दिवशी दुपारी ताईंच्या दुकानात एक गृहस्थ आले. मी बटणं लावलेले शर्ट द्यायला तिथेच गेले होते. साठीच्या पुढचा माणूस, निवृत्त बसड्रायव्हर. उभा राहिला तरी हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढे. त्याने पिशवीतून एक लोकरीची शाल काढली. म्हणाला, "ही हलक्या हाताने धुवायची. बायकोची आहे. ती वारली, हॉस्पिटलात. मुलीला द्यायचीय, म्हणून स्वच्छ करून."

ताई शाल उलगडून बघत होत्या. ड्रायव्हरकाकांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. ताई आणि साहेब, दुकानाच्या दारात. काका पुढे झाले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे डॉक्टर तुमचे कोण?"

ताई हसल्या. "डॉक्टर कुठला हो! माझा धाकटा भाऊ आहे तो."

"नाही नाही, डॉक्टरच. माझ्या बायकोच्या वेळी तेच तर धावपळ करत होते." काकांचा चेहरा एकदम उजळला. "बरं झालं तुम्ही भेटलात. मी हॉस्पिटलात विचारलं तर कोणाला ठाऊकच नाही. मला सारखी काळजी वाटते. त्यांना काही अपघात वगैरे तर झाला नाही ना?"

ताईंनी शाल खाली ठेवली.

मग काकांनी सगळं सांगितलं. बायको वरच्या मजल्यावर. डॉक्टर स्पष्ट काही बोलत नव्हते. हे खाली बाकावर बसलेले असताना पांढऱ्या कोटातला एक तरुण डॉक्टर शेजारी येऊन बसला. खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, एक औषध आहे, इथे मिळत नाही, मी माझ्या ओळखीने आणून देईन, कोणाला बोलू नका, माझी नोकरी जाईल. काकांनी गाठीला होतं ते सगळं दिलं. "पैशाचं काही नाही हो," काका मध्येच म्हणाले, "ते कोणासाठी ठेवायचे होते?" डॉक्टर म्हणाला, दुपारी फाटकाशी उभे राहा, मी तिथेच आणून देतो, वर आणलं तर सगळ्यांना कळेल. काका फाटकाशी उभे राहिले. दुपार गेली, संध्याकाळ व्हायला आली. वरून नर्स एकदा बोलवायला आली, बाई तुमचं नाव घेतायत म्हणाली. काका म्हणाले, आलोच, जरा थांबा, डॉक्टर येतीलच, आणि मी इथे नसलो तर चुकामूक होईल.

"तेवढ्यात ती गेली," काका म्हणाले. "शेवटी जवळ कोणीच नव्हतं. पण डॉक्टरांचा दोष नाही. ते निघाले असतील, वाटेत काहीतरी झालं असेल. असा माणूस शब्द मोडणारा नव्हे. फक्त एवढंच विचारायचं होतं, औषध मिळालं होतं का? मिळालं असतं तर ती वाचली असती का?"

मी ताईंकडे बघत होते. खरं सांगायचं तर मला वाटलं, बाई काहीतरी बोलून वेळ मारून नेईल. एक वाक्य पुरलं असतं. हो, अपघात झाला होता बिचाऱ्याला. म्हातारा समाधानाने घरी गेला असता.

ताईंनी काउंटरची फळी उचलली, बाहेर आल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. "काका, तो डॉक्टर नाही. औषध नव्हतंच. तो कोट माझ्या दुकानात धुवायला आलेला असणार. तुम्हाला माझ्या भावाने फसवलं."

काकांना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही दुरुस्ती करीन. मग ते स्टुलावर बसले. पुढे धरलेले हात मांडीवर ठेवले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे मी उगाचच उभा होतो."

जाताना त्यांनी शाल परत मागितली. ताईंनी घडी करून दिली.

पुढचे दोन-तीन दिवस भिंतीपलीकडून फक्त इस्त्रीचा आवाज येत होता. साहेब नेहमीच्या दिवशी आला, हातात फळांची पिशवी. ताईंनी मला हाक मारली. "इथे बस," म्हणाल्या, "मला एकटीला ऐकायची भीती वाटते. एकटी असले की मी त्याचं खरं मानते."

त्यांनी सरळ विचारलं. साहेब आधी हसला, मग चकित झाला, मग दुखावला. तिन्ही इतकं बेमालूम, की मी मनात ड्रायव्हरकाकांवरच शंका घ्यायला लागले. ताई नुसत्या बघत होत्या. मग तो खुर्चीत बसला आणि आवाज खाली आणला.

"ताई, ती बाई जाणारच होती. मी नर्सला विचारूनच गेलो होतो. डॉक्टर त्या माणसाशी नीट बोलतसुद्धा नव्हते. मी दोन घटका त्याच्याजवळ बसलो. आशा दिली त्याला. तेवढी तरी कोणी दिली?"

"तू त्याला फाटकाशी का उभं केलंस?"

"म्हणजे?"

"पैसे घेऊन निघून जायचं होतंस. उभं का केलंस?"

साहेब खांदे उडवून म्हणाला, "वर असता तर डॉक्टरांना विचारत बसला असता. मला निघायला वेळ हवा होता."

ताई म्हणाल्या, "ती त्याचं नाव घेत होती रे."

तेव्हा तो रडला. ताईंच्या पायाशी बसून, लहान मुलासारखा हुंदके देत. ताईंचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. नंतर त्यांनी मला सांगितलं, "एवढासा होता तेव्हापासून त्याचं रडणं ऐकतेय. भुकेचं कोणतं, झोपेचं कोणतं, पडला असेल तर कोणतं, मला आतल्या खोलीतून कळायचं. त्या दिवशी पायाशी बसून रडत होता आणि मला कळेना, खरं आहे की खोटं."

तो म्हणाला, उद्या जाऊन त्यांचे पाय धरतो. ताई म्हणाल्या, "आत्ता जेव." ताट वाढलं. तो जेवायला बसल्यावर दारात पोलीस उभे राहिले. ताईंनी दुपारीच चौकीवर जाऊन सांगून ठेवलं होतं. साहेबाचा घास हातातच राहिला.

"तू बोलावलंस?"

"हो."

"जेवायला वाढून?"

"उपाशी नेऊ नयेत म्हणून," ताई म्हणाल्या.

त्यानंतर जे एकेक बाहेर यायला लागलं, त्याने आम्ही सगळेच हादरलो. काळा कोट घालून त्याने कोर्टाच्या पायऱ्यांवर एका विधवेला गंडा घातला होता. जमिनीचा दावा चालवतो म्हणून. एका बापाकडे शाळेचा अधिकारी म्हणून गेला होता. एका बाईला, जिचा मुलगा बेपत्ता होता, त्याने सांगितलं होतं की मुलगा सापडलाय, फक्त आणायची सोय करावी लागेल. तिने घर झाडून त्याची खोली लावून ठेवली होती. आणि हे सगळं ताईंनी धुवायला घेतलेल्या कपड्यांत. काम उरकलं की साहेब कोट आणून टोपलीत टाकायचा आणि ताई कॉलर घासून घासून स्वच्छ करायच्या.

कोर्टात ड्रायव्हरकाकांना ओळख पटवायला उभं केलं. वकिलांनी विचारलं, तो माणूस इथे आहे का? काकांनी साहेबाकडे बोट केलं. "हेच ते डॉक्टर." वकील म्हणाले, डॉक्टर नाहीत ते. काका गोंधळले, "हो, हो. हेच." उतरताना पायरी चुकली तेव्हा त्यांना हात द्यायला सगळ्यांत आधी पुढे झाला तो साहेबच, आरोपीच्या पिंजऱ्यातून. सवय, दुसरं काय. कोर्टात दोघे-तिघे हसले. ताईंनी मान खाली घातली.

साहेबाला शिक्षा झाली. डॉक्टरांनी आणि वकिलांनी आपापले कपडे नेले. भांडण कोणी केलं नाही, सगळे समजूतदारपणे बोलले, "ताई, तुमचा काही दोष नाही," म्हणाले आणि दुसरी लाँड्री धरली. उरलं ते गल्लीतलं किरकोळ काम. ताई दुपारी दुकान बंद करून बाहेर पडायला लागल्या. मला वाटलं देवळात वगैरे जात असतील. त्या एकेका घरी जात होत्या, साहेबाने फसवलेल्या. मी एकदा बरोबर गेले. बेपत्ता मुलाच्या आईचं घर होतं. तिने दार उघडलं, ताईंनी सांगितलं कोण ते, आणि तिने शांतपणे विचारलं, "आता तुम्ही काय सांगायला आलात? तो नाही सापडला हे? ते मला माहीत आहे." दार लागलं. पण पुढच्या आठवड्यात ताई दुसऱ्या घरी गेल्याच.

तुरुंगात भेटायलाही जायच्या. तिथे साहेबाने पहारेकऱ्यांना खिशात टाकलं होतं. पहिली दोन वर्षं त्याच्या थापा चालूच होत्या. आज म्हणे सुटका लवकर होणार, उद्या म्हणे तुरुंगाधिकारी मला नोकरी देणार. ताई ऐकून घ्यायच्या. पुढे पुढे तो गप्प व्हायला लागला. ताईंना ते अधिक भीतीदायक वाटायचं. "काहीतरी मोठं रचतोय," म्हणायच्या.

तो सुटून आला तेव्हा ताईंनी अंथरूण धरलं होतं. दुकानामागच्या खोलीत खाट टाकली होती. छातीचं दुखणं, डॉक्टरांनी हात टेकले होते. साहेब दारात उभा राहिला तेव्हा मी त्यांना पेज भरवत होते. केस पांढरे, अंगात साधा जाडाभरडा शर्ट. ताई म्हणाल्या, "ये." तो खाली जमिनीवर बसला.

तो रोज यायचा, पहाटेचं काम संपवून. सांगायचा, "ताई, मला काम मिळालंय. बेकरीत. पिठाची पोती उतरवतो, भट्टी साफ करतो."

ताई हसायच्या. "बरं."

"खरंच सांगतो."

"मी कुठे नाही म्हणाले? छान सांगतोस. पीठसुद्धा लावून येतोस हाताला."

तो हात पुसायचा. पुढच्या दिवशी हात धुऊन आला तर ताई मला हळूच म्हणाल्या, "आज पीठ लावायला विसरला बघ."

मला राहवलं नाही. मी बेकरी शोधत गेले. मागच्या दाराशी साहेब पाठीवर पोतं घेऊन चालला होता, वाकून, घामाने भिजलेला. मालकाला विचारलं. म्हणाला, "साधा माणूस आहे, बोलत नाही कोणाशी. आधीचं सगळं सांगूनच लागला." मी धावत परत आले. ताईंच्या उशाशी बसले. म्हटलं, "ताई, मी डोळ्यांनी बघून आले. पोती उचलतो. मालकाशी बोलले मी."

ताईंनी माझा हात हातात घेतला. माझ्याकडे मायेने बघितलं, कीव आल्यासारखं.

"तुलाही पटवलं का गं त्याने?" त्या म्हणाल्या. "जाऊ दे. वाईट वाटून घेऊ नकोस. भल्याभल्यांना पटवतो तो."

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. गेल्या तेव्हा साहेब जवळ होता. तो पायाशी आणि मी उशाशी. त्याने काहीतरी पुटपुटत त्यांना सांगितलं, ताईंनी मान हलवली, पण ती कशासाठी ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

दुकानाची जागा आता दुसऱ्याने घेतली आहे, चष्म्यांचं दुकान झालंय. साहेब त्याच बेकरीत आहे. गल्लीतले लोक त्याच्याशी बोलतात, पण ऐकताना मनात काहीतरी राखून ऐकतात. तो सांगेल ते दुसऱ्याला विचारून घेतात, अगदी वाजले किती हेसुद्धा. त्याचं त्याला काही वाटत नाही, किंवा वाटत असेल तर दिसत नाही.

मध्ये एकदा तो शर्टाची उसवलेली बाही घेऊन आला. मी टाके घालत होते, तो उभा होता. एकदम म्हणाला, "वहिनी, तुम्ही बेकरीत येऊन गेलात, मालकाने सांगितलं मला. ताईला बोललात का?"

"बोलले ना."

"मग? शेवटी तिला खरं वाटलं?"

मी दोरा तोडला. "हो," म्हटलं. "वाटलं. फार बरं वाटलं त्यांना."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. फार वेळ नाही, त्याला वेळ लागतच नाही. मग शर्ट घेतला, घडी केली.

"तुम्हाला नाही जमत, वहिनी," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पण सांगितलंत, हे चांगलं केलंत."

बाहेर ऊन होतं. तो चष्म्यांच्या दुकानावरून, आत न बघता, बेकरीकडे चालत गेला.